दुभाष्याची निवड : एका गेम कन्सोलचा आणि इन्फ्रारेड रिमोटचा इतिहास

११ नोव्हेंबर २००६ रोजी सोनी कंपनीने 'प्लेस्टेशन ३' हा गेम कन्सोल जपानमध्ये विक्रीस आणला. अमेरिकेत तो त्याच महिन्याच्या १७ तारखेस पोहोचला. साठवणुकीच्या क्षमतेनुसार तेथे त्याची किंमत ४९९ व ५९९ डॉलर अशी होती. खेळण्याच्या यंत्रासाठी ही किंमत फार आहे, अशी टीका त्या वेळी पुष्कळ झाली. तिला दिले जाणारे एक उत्तर असे होते की, या यंत्रावर ब्लू-रे चकत्या चालतात आणि त्यामुळे खेळाच्या यंत्राबरोबर चित्रपट पाहण्याचे एक उत्तम साधनही घरात येते. हे उत्तर अनेकांना पटले. काहींनी तर हा कन्सोल केवळ चित्रपटांसाठीच घेतला. त्यात ब्लूटूथ होते, यूएसबीच्या जोडण्या होत्या, एचडीएमआयची सोय होती. इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त किरणांतून येणारे संकेत ऐकणारा एक छोटासा घटक मात्र त्यात नव्हता. दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच, ध्वनिवर्धक, डीव्हीडी प्लेअर ही सारी उपकरणे जी भाषा बोलत होती, तिच्यासाठी या पाहुण्याला कानच नव्हते.

एवढ्याशा अभावाचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी का वाचावा, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा अभाव भरून काढण्यासाठी पुढे जी उपकरणे बाजारात आली, ती शब्दशः दुभाषी होती. एका भाषेतील संकेत ऐकून ते दुसऱ्या भाषेत सांगणे, एवढेच त्यांचे काम. दुभाष्याविषयी आपण जे प्रश्न नेहमी विचारतो, ते सारे येथेही लागू पडतात. तो काय गाळतो? तो कोणाच्या नावाने बोलतो? आणि मुळात त्याची गरज कोणी निर्माण केली?

यासाठी प्रथम मूळ भाषेचा इतिहास पाहिला पाहिजे. विल्यम हर्शेलने १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. अवरक्त किरणांचा शोध तो हाच. घरातील दूरनियंत्रणाशी त्यांचा संबंध यायला मात्र पुढे पावणेदोनशे वर्षे लागली. १९५५ मध्ये अमेरिकेतील झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी 'फ्लॅश-मॅटिक' तयार केला. त्यात साध्या दृश्य प्रकाशाचा झोत पडद्याच्या चार कोपऱ्यांतील प्रकाशसंवेदकांवर टाकावयाचा असे. अडचण अशी की, खिडकीतून आलेले ऊनही तेच काम करून जाई. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतील रॉबर्ट ॲडलर यांचा 'स्पेस कमांड' आला. त्यात लहान हातोडीने ॲल्युमिनियमच्या दांड्यांवर आघात करून श्रवणातीत ध्वनी काढला जाई. त्याला बॅटरीही लागत नसे. पण किल्ल्यांच्या जुडग्याच्या खुळखुळाटानेही कधी कधी वाहिनी बदले. थोडक्यात, या दोन्ही पद्धतींत हेतुपूर्वक केलेली आज्ञा आणि योगायोगाने झालेला आवाज किंवा उजेड यांत भेद करता येत नव्हता.

हा भेद करण्याचे सामर्थ्य इन्फ्रारेडने आणले. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून श्रवणातीत ध्वनीची जागा त्याने घेतली. रिमोटच्या टोकावरील बारीकसा दिवा सेकंदाला साधारण ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकतो. समोरचा ग्राहक फक्त त्या लयीतील प्रकाश स्वीकारतो आणि ऊन, दिवे, शेगडी यांच्याकडे दुर्लक्ष करतो. या लुकलुकण्याच्या लहानमोठ्या खंडांतून आज्ञा लिहिली जाते. फिलिप्स कंपनीची 'आरसी-५' ही लिपी पाहिली, तर तिचे व्याकरण सहज ध्यानात येते. तिच्या प्रत्येक वाक्यात १४ द्विमान अंक असतात. त्यांतील ५ अंक कोणत्या उपकरणाला उद्देशून बोलायचे ते सांगतात, तर ६ अंक काय करायचे ते सांगतात. म्हणजे ३२ श्रोते आणि प्रत्येकाला देता येतील अशा ६४ आज्ञा. याशिवाय एक अंक असा असतो की, कळ दाबूनच धरली आहे की सोडून पुन्हा दाबली आहे, हे त्यावरून कळते. या एका अंकाला विरामचिन्ह म्हणावयास हरकत नाही. सोनीची स्वतःची लिपी वेगळी, जपानच्याच एनईसी कंपनीची आणखी वेगळी. तरीही या सर्व बोलींचा एक गुण समान होता : त्यांत बोलणाऱ्याची ओळख विचारली जात नसे. संबोधन असे, आज्ञा असे, सही नसे.

या निनावीपणामुळेच ही भाषा सार्वजनिक झाली. संकेत उघडा असल्यामुळे तो कोणालाही ऐकून पाठ करता येई. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअॅक यांच्या 'सीएल ९' या कंपनीने १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा रिमोट आणला. इतर रिमोटांचे संकेत ऐकून शिकून घेणाऱ्या आरंभीच्या रिमोटांत त्याची गणना होते. पुढे असे सार्वत्रिक रिमोट स्वस्त झाले. घरात चार कंपन्यांची चार उपकरणे असली, तरी त्यांचा कारभार एका हातातून चालू शकतो, ही सोय कोणा एका कंपनीने दिलेली नव्हती. ती भाषेच्या मोकळेपणातून आली होती.

गेम कन्सोलांचा या भाषेशी संबंध आरंभापासूनच संशयाचा राहिला. २००० सालच्या 'प्लेस्टेशन २'वर डीव्हीडी चालत असे, पण रिमोट हवा असल्यास इन्फ्रारेड ग्राहक वेगळा आणून हातनियंत्रकाच्या खोबणीत बसवावा लागे. २००३ मधील आवृत्तीपासून तो यंत्राच्या आतच आला. मायक्रोसॉफ्टच्या २००१ मधील 'एक्सबॉक्स'ची कथा अधिक बोलकी आहे. त्याला डीव्हीडी वाचता येत होती, पण वेगळा संच विकत घेतल्याखेरीज चित्रपट दाखविता येत नव्हता. त्या संचातील ग्राहकात चित्रपट चालविण्याची आज्ञावलीच साठविलेली होती. डीव्हीडीचे परवाना शुल्क फक्त चित्रपट पाहणाऱ्याकडून वसूल व्हावे, यासाठीची ही योजना. म्हणजे तो ग्राहक कानही होता आणि परवानाही. २००५ च्या 'एक्सबॉक्स ३६०'मध्ये मात्र इन्फ्रारेड ग्राहक अंगभूतच होता. या पार्श्वभूमीवर 'प्लेस्टेशन ३'ने घेतलेले वळण उठून दिसते.

सोनीने या कन्सोलसाठी जो स्वतःचा रिमोट दिला, तो ब्लूटूथवर चालणारा होता. ब्लूटूथचे गुण नाकारण्याचे कारण नाही. त्याला समोरासमोर असण्याची गरज नसते. कन्सोल कपाटात ठेवला तरी चालते. पण ब्लूटूथमध्ये आधी जोडणीची नोंद करावी लागते. ज्याची नोंद नाही, त्याचे बोलणे ऐकले जात नाही. शिवाय सोनीच्या त्या पहिल्या रिमोटला इन्फ्रारेड बोलता येत नसल्यामुळे दूरचित्रवाणी संचाचा आवाज कमी-जास्त करण्यासाठी दुसरा रिमोट हाती घ्यावाच लागे. इतकी वर्षे जमवून आणलेली एका हाताची सोय या एका यंत्रापाशी मोडली.

अशा वेळी अ‍ॅडॉप्टर आले. त्यांची निवड करणाऱ्यापुढे मुख्यतः दोन प्रकार होते. पहिला प्रकार यूएसबीचा. नायको कंपनीचा 'ब्लू-वेव्ह' हे त्याचे परिचित उदाहरण. कन्सोलच्या यूएसबी खोबणीत छोटा ग्राहक बसवावयाचा. तो इन्फ्रारेड संकेत ऐकून कन्सोलला समजेल अशा रूपात पुढे पाठवितो. हा प्रकार स्वस्त आणि सुटसुटीत होता, परंतु त्याच्या भाषांतरात एक शब्द कायमचा गळालेला होता, आणि तो शब्द 'जागा हो' हा होता. कन्सोल निद्रावस्थेत गेला की यूएसबीचा वीजपुरवठा बंद होतो. दुभाष्याही मालकाबरोबरच झोपी जातो, मग हाक ऐकणार कोण? चित्रपटाच्या आरंभी उठून यंत्रापर्यंत चालत जाणे भागच पडे. यातील एखादा अ‍ॅडॉप्टर स्वतःला खेळाचा हातनियंत्रक म्हणून सादर करीत असेल, तर हातनियंत्रकावर जेवढी बटणे तेवढ्याच आज्ञा त्याला बोलता येत, हा आणखी एक संकोच.

दुसरा प्रकार ब्लूटूथचा. २००९ मध्ये लॉजिटेक कंपनीने आपल्या 'हार्मनी' रिमोटांसाठी असा अ‍ॅडॉप्टर आणला. त्याची किंमत सुमारे ६० डॉलर होती. सोनीच्या मूळ रिमोटच्या दुपटीहून अधिक. तो भिंतीतील विजेवर चालत असल्यामुळे कन्सोल झोपला तरी हा जागा असे. त्याची नोंद कन्सोलमध्ये सोनीचा ब्लू-रे रिमोट म्हणूनच केली जाई, आणि कन्सोल निद्रेतही नोंदलेल्या ब्लूटूथ उपकरणांकडे कान देऊन असल्यामुळे 'जागा हो' आणि 'झोप' हे दोन्ही शब्द त्याला पोहोचविता येत. या दुभाष्याची युक्ती अशी की, तो इकडे निनावी भाषा ऐकतो आणि तिकडे मान्यताप्राप्त व्यक्तीचे नाव घेऊन बोलतो. प्रामाणिक भाषांतरासाठी त्याला सोंग घ्यावे लागते.

तेव्हा त्या काळी निवडीची खरी कसोटी किमतीची किंवा बटणांच्या संख्येची नव्हती. कोणता शब्द गमावणे आपल्याला परवडेल, ही होती. धडधाकट माणसाला उठून कळ दाबणे हा किरकोळ त्रास वाटेल. पण हातापायांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्तींसाठी जी गृहनियंत्रक उपकरणे बनतात, त्यांतील बहुतेक इन्फ्रारेड संकेत शिकून घेऊनच काम करतात. एका मोठ्या कळीने किंवा फुंकरीने दिवाणखाना चालविणारी माणसे याच मोकळ्या भाषेवर विसंबून असतात. त्यांच्यासाठी 'जागा हो' हा शब्द गळणे म्हणजे चित्रपट सुरूच न होणे, किंवा तो सुरू करून देण्यासाठी दुसऱ्या कोणाची वाट पाहणे. यंत्राच्या रचनेतून गाळलेला एक स्वस्त घटक कोणाच्या स्वातंत्र्यातून वजा होतो, हे येथे स्पष्ट दिसते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. २००९ च्या सप्टेंबरात आलेल्या बारीक अंगाच्या 'प्लेस्टेशन ३'मध्ये एचडीएमआय-सीईसीची सोय होती. त्यामुळे दूरचित्रवाणी संचच दुभाष्या बनला : तो आपल्या रिमोटचे इन्फ्रारेड ऐके आणि तारेतून कन्सोलला कळवी. २०११ मध्ये सोनीने नवा ब्लू-रे रिमोट काढला. त्याला दूरचित्रवाणी संचाशी इन्फ्रारेडमध्ये बोलता येत होते, कन्सोलशी मात्र ब्लूटूथमध्येच. २०२० मधील 'प्लेस्टेशन ५'च्या मीडिया रिमोटनेही हीच रीत ठेवली. त्याच वर्षीच्या 'एक्सबॉक्स सिरीज एक्स'मध्ये इन्फ्रारेड ग्राहक आहे. लॉजिटेकने २०२१ मध्ये 'हार्मनी' रिमोटांचे उत्पादन थांबविले. आता जुना 'प्लेस्टेशन ३' चित्रपटांसाठी जपणाऱ्याला तो अ‍ॅडॉप्टर जुन्या बाजारातच शोधावा लागतो.

सोनीची ही वाटचाल पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. कंपनीला इन्फ्रारेड भाषेचे वावडे नव्हते. आपल्या उपकरणाने इतरांना आज्ञा द्यावी, यासाठी ती भाषा तिने पुढे स्वीकारली. त्या भाषेत आज्ञा ऐकण्याची तयारी तेवढी तिने दाखविली नाही. बोलण्याची भाषा एक आणि ऐकण्याची भाषा दुसरी, ही विषमता भाषांच्या इतिहासात आपल्याला अपरिचित नाही. दरबारांत आणि कचेऱ्यांत ती पुष्कळ पाहिलेली आहे. जेथे ती असते, तेथे दुभाष्याचा खर्च ज्याचे ऐकले जात नाही त्यालाच करावा लागतो. त्या ६० डॉलरांचा हिशेब आम्ही याच खात्यावर मांडतो.