स्वस्ताईचा देश : इब्न बतूताने पाहिलेला पूर्व बंगाल

मंडळी, आज ज्याला आपण बांगलादेश म्हणतो, त्या मुलखात 1346 च्या सुमारास मोरोक्कोचा इब्न बतूता मालदीवहून समुद्रमार्गे आला. तिथे त्याच्या नजरेत पहिल्यांदा काय भरलं? तर बाजारभाव! तांदूळ इतका स्वस्त दुसरीकडे कुठेच पाहिला नाही, असं तो सांगतो. एका दिरहमला आठ कोंबड्या, पंधरा कबुतरं. बारीक सुती कापड तीस हात, दोन दिनारांना. गंमत म्हणजे तिथले लोक मात्र महागाईचीच तक्रार करत होते. (ही तक्रार कुठल्या शतकात नव्हती?) खुरासानहून आलेल्यांना तिथली दमट हवा सोसेना. ते या देशाला सगळ्या सुखांनी भरलेला नरक म्हणत.

पण त्याच भावांच्या यादीत माणसंही आहेत, आणि इथे आपल्याला थांबावं लागतं. आशुरा नावाची दासी त्याने स्वतः एका सोन्याच्या दिनारला विकत घेतली. कोंबडीचा भाव सांगावा त्याच सुरात तो हे सांगून जातो. पुढे नदीकाठच्या हिंदू रयतेबद्दल लिहितो, की त्यांच्याकडून निम्मं पीक घेतलं जाई, वर आणखी कर वेगळेच. आता तांदूळ स्वस्त का होता, याचं एक कारण जमिनीची सुपीकता, हे खरंच. पण ज्याच्या खळ्यावरून अर्धी रास उचलली जाते, त्याला ही स्वस्ताई कशी वाटत असेल? इब्न बतूताने ते विचारलं नाही. आम्हाला वाटतं, प्रवासवर्णन वाचताना हा प्रश्न आपणच विचारायचा असतो.

तो आला होता मुख्यतः सिल्हेटकडच्या डोंगरात शाह जलाल यांना भेटायला. तिथून पंधरा दिवस नदीने सोनारगावला. दोन्ही काठांना गावं, बागा, पाणचक्क्या. जणू बाजारातूनच चाललोय, असं त्याला वाटलं. नावांची गर्दी एवढी, की प्रत्येक नावेवर नगारा असे आणि दोन नावा भेटल्या की तो वाजवत. फकिरांना नावेचं भाडं माफ, शिधाही मिळे.

सुलतान फखरुद्दीनला मात्र तो भेटला नाही. हा सुलतान दिल्लीविरुद्ध बंड करून बसलेला, आणि आपले हे पाहुणे दिल्लीच्याच तुघलकाचे चीनकडे निघालेले वकील! सोनारगावला एक जहाज सुमात्राकडे निघण्याच्या तयारीत होतं, त्यात ते चढले.