लाल शर्टाचं कूळ

२८ एप्रिल १७८९ च्या पहाटे पॅसिफिक महासागरात ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावर बंड झालं. कप्तान विल्यम ब्लाय याला झोपेतून उठवून, हात बांधून, सोबतच्या अठरा जणांसह उघड्या होडीत सोडून देण्यात आलं. त्या जहाजावर एकही मरीन, म्हणजे नौदलाचा बंदूकधारी शिपाई, नव्हता. १७९१ मध्ये ब्लाय ‘बाउंटी’ची अर्धवट राहिलेली कामगिरी पुरी करायला पुन्हा निघाला, तेव्हा मरीन सोबत घेऊनच. अंतराळयानावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याचं कूळ शोधायचं तर इथूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं.

जहाजावर लढण्यासाठी इंग्लंडने पायदळाची वेगळी पलटण उभारली ती १६६४ मध्ये. लढाईत हे शिपाई शत्रूवर गोळ्या झाडत. पण लढाई रोज होत नसे. एरवी त्यांचा पहारा असायचा कप्तानाच्या खोलीबाहेर, दारूगोळ्याच्या कोठारावर आणि रमच्या पिंपांवर. त्यांची झोपायची जागाही अधिकारी आणि खलाशी यांच्या मधोमध ठेवलेली असे. बंदूक समुद्राकडे रोखलेली दिसली, तरी तिचा खरा धाक जहाजाच्या आतल्या माणसांना होता. १७९७ मध्ये स्पिटहेड आणि नोर इथे आरमारात मोठी बंडं झाली आणि १८०२ मध्ये मरीनना ‘रॉयल’ हा किताब मिळाला.

विज्ञानकथेने यान घेतलं ते सरळ आरमाराकडून. कप्तान, पहिला अधिकारी, डेक हे सगळं तिथलंच. मरीनही लवकरच आले. बॉब ऑल्सनची अंतराळातल्या मरीनांची कथा १९३२ ची आहे. पण या मरीनांची नजर कायम बाहेर, परग्रहावरच्या शत्रूवर. दारावरचा पहारेकरी मात्र लेखकांच्या लक्षातून गेला.

त्याला परत आणलं जीन रॉडनबेरीने. ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका रचताना त्याच्यासमोर सी. एस. फॉरेस्टरच्या कादंबऱ्यांतला आरमारी अधिकारी हॉर्नब्लोअर होता, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. १९४९ ते १९५६ या काळात तो लॉस एंजलिसच्या पोलीस दलात होता आणि पोलीसप्रमुख विल्यम पार्कर यांची भाषणं लिहून द्यायचा. म्हणजे आरमार आणि पोलीस ठाणं, दोन्हींचा वारसा त्याच्याकडे होता. तरीही १९६६ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा सुरक्षारक्षकाच्या वाट्याला काय आलं? एक लाल शर्ट आणि लवकरचं मरण. परग्रहावर उतरलेल्या तुकडीत ज्याचं नाव कळलेलं नाही, तो पुढच्या जाहिरातीपर्यंत टिकत नसे. मरीनांचे कोटही लाल होते. हा धागा जोडायचा मोह होतो, पण तसा पुरावा नाही. मालिकेत अभियंत्यांनाही तोच रंग होता. पुढे जॉन स्काल्झीने या बिनचेहऱ्याच्या माणसांवर ‘रेडशर्ट्स’ ही कादंबरी लिहिली आणि २०१३ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

१९८७ च्या नव्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत सुरक्षाप्रमुख पहिल्यापासून मुख्य पात्रांत होती: ताशा यार. तरी पहिलं वर्ष संपण्याआधीच एका काळ्या चिखलासारख्या प्राण्याने तिला क्षणात मारून टाकलं. नाव मिळालं, हुद्दा मिळाला, मरण मात्र जुन्या लाल शर्टाचंच. तिची जागा वॉर्फने घेतली. तो योद्धा होता. पोलीस नव्हता.

पोलीस खऱ्या अर्थाने अवतरला तो अंतराळ स्थानकावर. यानाला मोहीम असते, कप्तानाचा हुकूम असतो. स्थानक म्हणजे बंदर: तिथे दुकानं, दारूचे गुत्ते, तस्कर, निर्वासित आणि परक्या राज्यांचे वकील. तिथे मरीन पुरत नाही, कोतवाल लागतो. १९८१ च्या ‘आउटलँड’ चित्रपटात शॉन कॉनरी गुरूच्या आयो या उपग्रहावरच्या खाणवस्तीत मार्शल आहे. ‘हाय नून’ या जुन्या वेस्टर्नचीच ती अंतराळातली आवृत्ती.

१९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या स्थानकाचा सुरक्षाप्रमुख ओडो आला. या सगळ्या कुळात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच. बजोर हा ग्रह कार्डेशियन या परग्रहवासीयांच्या ताब्यात असताना हा स्थानकावर त्यांच्यासाठी सुरक्षेचं काम पाहायचा. सत्ता गेली, बजोरी परतले, आणि ओडो त्याच खुर्चीवर राहिला. आपण कुणाच्याच बाजूचे नाही, फक्त न्यायाच्या बाजूचे, असं तो मानतो आणि इतरांनाही ते पटलेलं असतं. मग १९९६ च्या ‘थिंग्ज पास्ट’ या भागात जुनं प्रकरण वर येतं. कार्डेशियन अधिकारी डुकाट याच्यावरच्या हल्ल्याच्या आरोपाखाली तीन बजोरी मारले गेले होते. तिघेही निर्दोष. ओडोने नीट तपास केला असता तर ते वाचले असते, पण स्थानकावरची शिस्त त्याला तपासापेक्षा मोठी वाटली. कप्तान आणि खलाशी यांच्या मध्ये झोपणाऱ्या त्या शिपायाला शिस्त मोठी की न्याय, हा प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता.

त्याच सुमारास ‘बॅबिलॉन फाइव्ह’ ही स्थानकावरचीच मालिका हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारत होती. तिथला सुरक्षाप्रमुख गॅरिबाल्डी दारूशी झगडणारा, आणि त्याच्या पाठीत गोळी घालतो तो त्याचाच हाताखालचा माणूस. पुढे पृथ्वीवरचं सरकार ‘नाइटवॉच’ नावाची संघटना काढतं. जादा पगार, दंडावर पट्टी. काम एवढंच की शेजारी काय बोलतो ते कळवायचं. स्थानकाचे बरेच पहारेकरी पैशासाठी सामील होतात. त्यांच्यातला झॅक ॲलन ती पट्टी बांधून अस्वस्थ फिरतो, ते पाहणं अवघड जातं. अखेर तोच नाइटवॉचच्या माणसांना सापळ्यात आणतो, आणि रिकाम्या जागांवर नार्न हे परग्रहवासी पहारेकरी नेमावे लागतात. स्वतःच्या पहाऱ्यावर भरवसा उरला नाही, म्हणून परके.

नंतरच्या कथांनी हेच धागे पुढे ओढले. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’मध्ये पोलीस नसल्यामुळे मरीन नागरिकांच्या जहाजावर जातात आणि गोळीबारात माणसं मरतात. ‘द एक्स्पान्स’मध्ये सेरेस लघुग्रहावरची पोलिसी एका खासगी कंपनीच्या कंत्राटात आहे. तिथला पोलीस मिलर एका बेपत्ता मुलीचा शोध सोडत नाही, आणि कंपनी त्याला कामावरून काढते.

खऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सुरक्षा अधिकारी हे पदच नाही. १९९८ च्या करारानुसार तिथे गुन्हा घडला, तर खटला चालवण्याचा पहिला हक्क आरोपीच्या देशाचा. तोवर वर काय करायचं, याचं उत्तर अंतराळवीरांच्या आचारसंहितेत आहे. सर्वांच्या तातडीच्या सुरक्षिततेसाठी गरज पडली, तर प्रमाणात बळ वापरण्याचा किंवा एखाद्याला जखडून ठेवण्याचा अधिकार तिने स्थानकाच्या कमांडरला दिला आहे. त्याच्या दाराबाहेर पहारा नाही.