विंचवाचं बिऱ्हाड

मंडळी, 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण सतत बदली होणाऱ्या नोकरदारासाठी वापरतो. आज ती कॉम्प्युटरसाठी वापरायची आहे. चालू असलेलं व्हर्च्युअल मशीन, आतलं काम न थांबवता, एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचं, याला 'लाइव्ह मायग्रेशन' म्हणतात. आयटीतल्या लोकांना आता याचं काही नवल राहिलेलं नाही. बटण दाबलं, मशीन पलीकडे गेलं, संपलं. पण हे बटण बनायला जवळजवळ वीस वर्षं लागली. का लागली, हे कळलं की आज अनेक कंपन्यांत मशीन्स हलवायची जी धांदल चालू आहे, तीही नीट कळते.

गोष्ट सुरू होते १९८५ साली, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. तिथे 'व्ही सिस्टिम' नावाचा प्रकल्प चालू होता. वर्कस्टेशन्स पुष्कळ, पण त्यातली निम्मीशिम्मी नुसतीच बसलेली. मग एखाद्याचा जड प्रोग्राम रिकाम्या मशीनवर का चालवू नये? चालवावा की! पण मशीनचा मालक परत आला तर पाहुण्याला उठवायला हवं. तेही त्याचं काम वाया न घालवता.

उठवायचं म्हणजे त्या प्रोग्रामची सगळी मेमरी दुसऱ्या मशीनवर कॉपी करायची. सरळ मार्ग असा की प्रोग्राम थांबवा, कॉपी करा, तिकडे चालू करा. पण त्या काळच्या नेटवर्कवर यात बराच वेळ जायचा. थाइमर, लँट्झ आणि शेरिटन या तिघांनी एक युक्ती काढली. प्रोग्राम चालूच ठेवायचा आणि मेमरी कॉपी करत सुटायचं. तेवढ्या वेळात मेमरीची काही पानं बदलतील, ती दुसऱ्या फेरीत परत पाठवायची. पुन्हा थोडी बदलतील, ती तिसऱ्या फेरीत. शेवटी अगदी थोडी उरली की क्षणभर थांबवायचं, उरलेली पाठवायची आणि पलीकडे चालू करायचं. याचं नाव 'प्री-कॉपी'. आजचं लाइव्ह मायग्रेशन मुळात हेच आहे.

युक्ती किती भारी आहे ते बघायला एक साधं गणित करू. समजा मशीनची मेमरी ८ जीबी, नेटवर्क सेकंदाला १ जीबी नेतंय आणि मशीन सेकंदाला १०० एमबी मेमरी बदलतंय. पहिल्या फेरीला ८ सेकंद. तेवढ्यात ८०० एमबी बदलली. दुसऱ्या फेरीला ०.८ सेकंद, तेवढ्यात ८० एमबी. तिसऱ्या फेरीनंतर उरली फक्त ८ एमबी. आता थांबवलं तर ही उरलेली मेमरी पाठवायला ८ मिलीसेकंद! कॉलेजात शिकलेली भूमिती श्रेढी अशी कामाला येते :-) आणि मशीन जर नेटवर्कच्या वेगापेक्षा जास्त वेगाने मेमरी बदलत असेल? मग या फेऱ्या कधीच संपणार नाहीत, हेही याच गणितातून दिसतं.

म्हणजे १९८५ सालीच उत्तर हातात होतं. मग अडलं कुठे?

अडलं ते बिऱ्हाडाच्या व्याख्येत. प्रोग्राम हलवताना त्याची मेमरी जाते, पण त्याचं बाकीचं बरंचसं सामान ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात असतं. उघडलेल्या फायली, नेटवर्कची कनेक्शन्स, इतर प्रोग्रामशी असलेले संबंध, वगैरे वगैरे. हे सगळे धागे तोडून दुसरीकडे जसेच्या तसे जोडायचे म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा कोपरान् कोपरा बदलावा लागतो. बर्कलीच्या 'स्प्राइट' सिस्टिमने हे काम बरंच पुढे नेलं, पण तिथेही हललेल्या प्रोग्रामच्या काही मागण्या परत मूळ मशीनकडेच धाडाव्या लागायच्या. म्हणजे राहायला गेलो नव्या घरात, पण टपाल आणि गॅसचं सिलिंडर जुन्याच पत्त्यावर. जुनं घर पडलं की नव्या घरातली चूलही बंद! संशोधकांनी या दुखण्याला नाव दिलं 'रेसिड्युअल डिपेन्डन्सी', म्हणजे मागे उरलेलं अवलंबित्व. २००० साली या सगळ्या प्रयत्नांचा आढावा घेणारा एक मोठा लेख आला. स्प्राइटमध्ये हे काम केलेले फ्रेड डग्लिस त्याच्या लेखकांपैकी एक. इतकं संशोधन होऊनही ही गोष्ट सर्रास वापरात आलेली नाही, असं त्या लेखात स्पष्टच म्हटलं होतं.

गंमत बघा, याच सुमारास उत्तर दुसऱ्याच दाराने आत येत होतं.

एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक 'खोटे' कॉम्प्युटर चालवायची कल्पना आयबीएमची, १९६० च्या दशकातली. त्यांचं व्हीएम/३७० हे १९७२ सालचं. पुढे स्वस्त पीसी आले आणि ही कल्पना मेनफ्रेमच्या जगातच राहिली. १९९७ साली स्टॅनफर्डच्याच मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'डिस्को' या प्रकल्पातून तिला परत बाहेर काढलं. १९९८ मध्ये त्यातून व्हीएमवेअर ही कंपनी निघाली. रोझेनब्लम यांची पीएचडी बर्कलीच्या स्प्राइट प्रकल्पातली, हेही जाताजाता सांगतो.

व्हर्च्युअल मशीन हलवायचं म्हणजे प्रोग्रामबरोबर त्याची ऑपरेटिंग सिस्टिमही हलते. उघड्या फायली, कनेक्शन्स, प्रोग्राममधले संबंध, सगळं त्या मशीनच्या मेमरीतच असतं, त्यामुळे आपोआप बरोबर येतं. विंचवासारखं, बिऱ्हाड पाठीवर! मेमरी कितीतरी जास्त कॉपी करावी लागते हे खरं, पण बाहेर लोंबणारे धागे फार थोडे उरतात. मुख्य दोनच: डिस्क आणि नेटवर्क. डिस्क सगळ्या सर्व्हरना दिसेल अशा सामायिक स्टोरेजवर ठेवायची, म्हणजे ती हलवायलाच नको. आणि मशीन पलीकडे पोचलं की नेटवर्कला ओरडून सांगायचं, 'हा पत्ता आता इकडे आहे बरं का!'

२००३ साली व्हीएमवेअरने 'व्हीमोशन' बाजारात आणलं. २००५ मध्ये केंब्रिज आणि कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झेन' या ओपन सोर्स हायपरव्हायझरवर हेच करून दाखवलं, आणि प्रयोगासाठी काय निवडलं? क्वेक ३! सहा जण खेळत असताना गेमचा सर्व्हर एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवला. खंड पडला ६० मिलीसेकंदांचा. पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. युक्ती तीच, १९८५ ची. बदलली होती ती फक्त 'काय उचलायचं' याची हद्द.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, पण यामुळे माझ्या आयुष्यात काय फरक पडला? दोन उदाहरणं देतो.

सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस अ‍ॅमेझॉनने आपल्या ग्राहकांना कळवलं की काही मशीन्स रीबूट करावी लागतील. झेनमध्ये सुरक्षेचं एक भोक सापडलं होतं आणि ते जाहीर व्हायच्या आत बुजवणं भाग होतं. त्यांच्याच म्हणण्यानुसार दहा टक्क्यांहून कमी मशीन्सना याची झळ बसणार होती. पण अ‍ॅमेझॉनचे दहा टक्के म्हणजे किती लोकांचा वीकएंड, विचार करा. पुढे ३ जानेवारी २०१८ रोजी 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' ही प्रोसेसरमधली भोकं जाहीर झाली. बातमी अपेक्षेपेक्षा लवकर फुटली, आणि मायक्रोसॉफ्टला अझ्यूरवरची ठरलेली रीबूट्स घाईघाईने अलीकडे आणावी लागली. गुगलने मात्र आपल्या क्लाउडमधले होस्ट आधीच दुरुस्त करून टाकले होते. दुरुस्त करायच्या होस्टवरची मशीन्स गुपचूप शेजारच्या होस्टवर न्यायची, होस्टला पॅच लावायचा, की पुढचा होस्ट. ग्राहकांना रीबूट करावं लागलं नाही. त्याच वर्षी गुगलने एका शोधनिबंधात आकडे दिले: महिन्याला दहा लाखांहून जास्त मायग्रेशन्स, आणि मधला खंड साधारणपणे ५० मिलीसेकंदांचा.

म्हणजे प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. ज्याला मशीन न थांबवता हलवता येतं, तो भोक सापडल्या सापडल्या बुजवू शकतो. ज्याला येत नाही, तो 'पुढच्या डाउनटाइमला बघू' म्हणतो, आणि भोक तोवर तसंच राहतं.

आता आजच्या धांदलीकडे येऊ. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि लायसन्सची पद्धतच बदलली. कायमची लायसन्सं विकणं बंद, फक्त सबस्क्रिप्शन. अनेक कंपन्यांची बिलं वाढली आणि तिथल्या आयटीवाल्यांसमोर प्रश्न आला की शेकडो-हजारो मशीन्स दुसरीकडे न्यायची कशी? वीस वर्षं बटण दाबून मशीन हलवायची सवय झालेली. पण ते बटण चालतं एकाच मालकाच्या आवारात. दुसऱ्या हायपरव्हायझरकडे जायचं तर व्हर्च्युअल हार्डवेअर वेगळं, ड्रायव्हर वेगळे. चालू मशीनची मेमरी तिकडे जशीच्या तशी जिवंत होत नाही.

मग करतात काय? तर परत तीच १९८५ ची युक्ती, पण डिस्कवर. मशीन चालू असतानाच डिस्क कॉपी करायची, मग फेरीफेरीने फक्त बदललेले ब्लॉक पाठवायचे. शेवटी मशीन बंद करून उरलेले ब्लॉक न्यायचे, ड्रायव्हर बदलायचे आणि पलीकडे बूट करायचं. याला 'वॉर्म मायग्रेशन' म्हणतात. डाउनटाइम तासांवरून मिनिटांवर येतो, पण शून्याजवळ जात नाही.

मला या इतिहासात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण मायग्रेशनचा प्लॅन करायला बसतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो, 'डेटा किती आणि नेटवर्क किती जीबीचं?' कॉपीचं गणित तर पहिल्याच झटक्यात सुटलं होतं. पुढची सगळी वर्षं गेली ती धागे सोडवण्यात. तेव्हा प्लॅनमध्ये आधी धागेच मोजावेत. कोणत्या मशीनचा आयपी पत्ता कुठे कोडमध्ये लिहून ठेवलाय? कोणतं लायसन्स हार्डवेअरला बांधलंय? कोणतं मशीन वर्षानुवर्षं रीबूटच झालेलं नाही, आणि झालं तर उठेल का, हे कोणाला ठाऊक आहे? हा शेवटचा प्रश्न तर लाइव्ह मायग्रेशननेच आपल्या पदरात टाकलाय. मशीन कधीच थांबवावं लागत नाही म्हटल्यावर ते सुरू कसं करायचं हे विसरलं जातं.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं खरं, पण निघण्यापूर्वी त्याचं काही मागे अडकलेलं नाही ना, हे बघून घेतलेलं बरं.

असो. तुमच्याकडे अशी शिफ्टिंगची कामं चालू असतील तर कोणता धागा सर्वांत जास्त छळतोय, जरूर कळवा. तूर्तास इतकंच.