केसपेपरवरचे शब्द

सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत लोक घोडेबाजार बघायला येतात. मी नर्स, माझ्यापुढे एक बाई आली. "घोड्यानं लाथ मारली," म्हणाली. गळ्यावर बोटांचे वळ! मी मलम लावलं, केसपेपरवर तिचेच शब्द लिहिले.

याच शहादा तालुक्यात १९७२च्या सुमारास श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला. दवाखान्यांना ते ऐकू यायला मात्र उशीर झाला. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं 'दिलासा' केंद्र काढलं. तिथं परिचारिका शिकल्या, की आधी बाईला एकटीला गाठायचं, मग विचारायचं, "घरी कुणी मारतं का?"

पुढे मीही विचारू लागले. पहिलीनं उत्तर दिलं नाही. "तुमची ड्युटी पुन्हा कधी?" एवढंच म्हणाली.