बेगमपेठेची पत्रे

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमची बोरी 1897 साली निजामाच्या मुलखात होती, आणि येथील साऱ्याचा व फिर्यादींचा अखेरचा हुकूम हैदराबादेहून सुटत असे. त्याच हैदराबादेच्या शेजारी, सिकंदराबादच्या छावणीलगत बेगमपेठेस, त्या वर्षीच्या 20 ऑगस्टला रोनाल्ड रॉस या लष्करी वैद्याने डासाच्या जठराच्या भित्तिकेत हिवतापाच्या जंतूचे काळे कण पाहिले. ज्या मुलखात पावसाळा सरताना थंडीतापाने घरेच्या घरे अंथरुणाला खिळत, तेथेच त्या तापाची वाट सापडावी ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मात्र तिच्यामागे उभ्या असलेल्या गुरूकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

रॉसने संशोधनाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. 1894 साली तो रजेवर लंडनला गेला असता तेथील वैद्य पॅट्रिक मॅन्सन यांनी त्याला रोग्याच्या रक्तातील जंतू प्रत्यक्ष दाखविला, आणि ज्याच्या अस्तित्वाविषयीच त्याला शंका होती त्याचा शोध हेच त्याचे जीवितकार्य ठरले. हत्तीरोगाचा कृमी डासाच्या शरीरात वाढतो हे मॅन्सन यांनी चीनमध्ये पूर्वीच दाखविले होते. हिवतापाचेही तसेच असावे हा त्यांचा तर्क घेऊन रॉस 1895 मध्ये हिंदुस्थानात परतला. पुढील चार वर्षांत दोघांमध्ये शंभराहून अधिक पत्रे गेली-आली. शिष्याने फसलेले प्रयोग कळवावेत, गुरूने धीर द्यावा, त्याचे निष्कर्ष लंडनच्या विद्वानांपुढे ठेवावेत, आणि त्याला पलटणीच्या कामातून मोकळीक मिळावी म्हणून सरकारदरबारी रदबदली करावी, असा तो क्रम होता. डास पाण्यात मरतो व ते पाणी पिऊन माणसास ताप येतो, हा मॅन्सन यांचा समज चुकीचा निघाला. तरीही रॉस प्रतिकूल प्रयोगांची वार्ता त्यांना निःसंकोचपणे लिहू शकत होता, आणि माझ्या मते गुरुत्वाची खरी कसोटी येथेच लागते. जुलै 1898 मध्ये एडिंबरो येथील वैद्यकसभेत पक्ष्यांचा हिवताप डासाच्या चाव्याने पसरतो हा रॉसचा कलकत्त्यातील शोध मॅन्सन यांनी स्वतः जाहीर केला. पुढे उभयतांत वितुष्ट आले, हेही नमूद केले पाहिजे.

हे मार्गदर्शन एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या वाट्यास आले. डासामागे एक आणा घेऊन स्वतःस चाववून घेणारा रोगी हुसेन खान, किंवा कलकत्त्यात रॉसच्या हाताखाली राबलेला महंमद बक्ष, यांना हाताशी धरून शास्त्र शिकविणारा कोणी भेटला नाही.

अशा मार्गदर्शनाचे आपल्याकडील एक उदाहरण अर्ध्या शतकानंतरचे आहे. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्राचा विभाग चालविणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, अर्थात कमल रणदिवे, यांनी कर्करोगावर काम करून 1949 साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पारंगत झालेल्या शिष्येस आपल्याच दालनात अडकवून न ठेवता खानोलकरांनी तिला परदेशातील शिक्षणासाठी उत्तेजन दिले. बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून रणदिवे परतल्या, आणि मुंबईस त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभारली. पुढे 1973 साली भारतीय स्त्री वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्या अग्रभागी होत्या.

आमच्या मराठवाड्यातही औरंगाबादेस 1956 साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आता जिंतूर-बोरीकडील एखादे मूल तेथे किंवा अन्यत्र वैद्यक शिकून प्रयोगशाळेची वाट विचारू लागेल, तेव्हा आपल्यापैकी ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनी त्याच्या पत्राला उत्तर द्यावे, आणि त्याचा प्रयोग फसल्यावरही उत्तर देत राहावे, एवढीच विनंती आहे.