तक्ता आणि ठराव : आर्सेनल क्लबचा १९१४-१५ चा हंगाम

इंग्लंडमधील फुटबॉल लीगच्या द्वितीय विभागात आर्सेनल या लंडनच्या क्लबने खेळलेला शेवटचा हंगाम १९१४-१५ चा होय. त्या हंगामाच्या अखेरीस हा क्लब पाचव्या स्थानावर होता. प्रथम विभागात बढती मिळण्याचा अधिकार नियमाप्रमाणे केवळ पहिल्या दोन क्लबांना असे. असे असूनही महायुद्धानंतर १९१९ मध्ये लीगचे सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा आर्सेनलचे नाव प्रथम विभागात होते, आणि तेव्हापासून आजतागायत हा क्लब तेथून खाली उतरलेला नाही. या घटनेचा उलगडा बहुधा 'लाच' या एकाच शब्दाने केला जातो. त्या निवडीचे समर्थन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही, आणि कोणास दोषी ठरविणे हाही नाही. उपलब्ध साधने कोणत्या विधानाला आधार देतात व कोणत्या नाही, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

प्रथम लीगची रचना ध्यानात घेतली पाहिजे. लीगची स्थापना १८८८ मध्ये झाली व १८९२ मध्ये तिला द्वितीय विभाग जोडण्यात आला. १९१४-१५ मध्ये दोन्ही विभागांत प्रत्येकी २० क्लब होते व प्रत्येक क्लबला ३८ सामने खेळावे लागत. विजयास दोन गुण, बरोबरीस एक. दोन क्लबांचे गुण समान झाल्यास केलेल्या गोलांना झालेल्या गोलांनी भागून येणारी 'गोलसरासरी' निर्णायक ठरे. प्रथम विभागातील शेवटचे दोन क्लब खाली उतरत व द्वितीय विभागातील पहिले दोन त्यांची जागा घेत.

आर्सेनल हा मुळात थेम्स नदीच्या दक्षिणेस असलेल्या वुलिच येथील शस्त्रनिर्मिती कारखान्यातील कामगारांनी १८८६ मध्ये काढलेला क्लब. १८९३ मध्ये लीगमध्ये प्रवेश मिळविणारा तो दक्षिण इंग्लंडमधील पहिला क्लब ठरला. परंतु १९१२-१३ च्या हंगामात ३८ पैकी केवळ तीन सामने जिंकून तो प्रथम विभागाच्या तळाशी गेला. त्याच वर्षी क्लबचा अध्यक्ष हेन्री नॉरिस याने क्लबचे बिऱ्हाड उत्तर लंडनमधील हायबरी येथे हलविले. टॉटनहॅम हॉटस्पर व क्लॅप्टन ओरिएंट या शेजारच्या क्लबांनी या स्थलांतरास हरकत घेतली होती. ती मान्य झाली नाही. १९१३-१४ मध्ये आर्सेनल व ब्रॅडफर्ड पार्क अॅव्हेन्यू यांचे गुण समान, म्हणजे ४९, झाले; पण गोलसरासरीत मागे पडल्याने आर्सेनलची बढती हुकली. नव्या मैदानासाठी काढलेल्या कर्जाचा भार मात्र तसाच राहिला.

पुढचा हंगाम युद्धाच्या छायेत पार पडला. रणांगणावर माणसे मरत असताना फुटबॉलचे सामने चालू ठेवावेत काय, हा वाद देशभर पेटला होता. डिसेंबर १९१४ मध्ये फुलम येथील नगरभवनात खेळाडूंची स्वतंत्र पलटण उभारण्यात आली. नॉरिस त्या वेळी फुलमचा नगराध्यक्ष होता. अशा वातावरणात आर्सेनलने शेवटच्या सामन्यात, २४ एप्रिल १९१५ रोजी, नॉटिंगहॅम फॉरेस्टचा ७-० असा पराभव केला. अंतिम तक्त्यात डर्बी काउंटी ५३ गुणांसह पहिला व प्रेस्टन नॉर्थ एंड ५० गुणांसह दुसरा आला. त्यामागे बार्न्सली ४७ व वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स ४५ गुणांवर होते. आर्सेनल, बर्मिंगहॅम व हल सिटी या तिघांचे प्रत्येकी ४३ गुण झाले.

येथे तक्ता हे साधन किती विश्वसनीय असते, हा प्रश्न उपस्थित होतो. आर्सेनलने ६९ गोल केले व त्याच्यावर ४१ झाले. बर्मिंगहॅमचे आकडे अनुक्रमे ६२ व ३९ असे आहेत. भागाकार केल्यास आर्सेनलची सरासरी १.६८ व बर्मिंगहॅमची १.५९ येते. म्हणजे पाचवे स्थान आर्सेनलचे. तथापि छापील तक्त्यांत अनेक वर्षे बर्मिंगहॅम पाचवा व आर्सेनल सहावा दाखविला जात असे. चूक साध्या अंकगणिताची होती आणि ती पुढे दुरुस्त झाली. परंतु छापील आकडा म्हणजे सिद्ध वस्तुस्थिती, असे गृहीत धरणाऱ्या अभ्यासकाने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

मार्च १९१९ मध्ये लीगच्या सभेने प्रथम विभागातील क्लबांची संख्या २० वरून २२ करण्याचे ठरविले. डर्बी व प्रेस्टन यांना बढती मिळालीच. प्रश्न उरला तो दोन जादा जागांचा. १९०५ मध्ये विभाग १८ वरून २० क्लबांचा झाला तेव्हा तळाच्या बरी व नॉट्स काउंटी या दोन्ही क्लबांना कायम ठेवण्यात आले होते. हा पायंडा पाळला असता तर १९१५ मध्ये एकोणिसावा आलेला चेल्सी व विसावा आलेला टॉटनहॅम यांना त्या जागा मिळाल्या असत्या. चेल्सीला जागा बिनविरोध मिळाली. दुसऱ्या जागेसाठी मतदान झाले, ते असे : आर्सेनल १८, टॉटनहॅम ८, बार्न्सली ५, वुल्व्हरहॅम्प्टन ४, नॉटिंगहॅम फॉरेस्ट ३, बर्मिंगहॅम २, हल सिटी १.

चेल्सीविषयीच्या सौजन्यास एक कारण होते. २ एप्रिल १९१५ रोजी मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलवर मिळविलेला २-० असा विजय दोन्ही संघांतील काही खेळाडूंनी पैजेच्या लोभाने आधीच ठरविला होता, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला व संबंधितांना आजन्म बंदी झाली. सामन्याचे गुण मात्र रद्द झाले नाहीत. युनायटेडचे ३० गुण होते, चेल्सीचे २९. तो विजय वगळला तर चेल्सी वाचत होता. टॉटनहॅमचे गुण २८ होते, आणि त्याच्या बाजूने असा सरळ युक्तिवाद कोणी केला नाही.

आर्सेनलच्या बाजूने लीगचा अध्यक्ष जॉन मॅकेना याने जे कारण पुढे केले ते सेवाज्येष्ठतेचे : आर्सेनल टॉटनहॅमपेक्षा पंधरा वर्षे अगोदर लीगचा सभासद झाला. हे सत्य आहे. टॉटनहॅमचा प्रवेश १९०८ चा. परंतु ज्येष्ठतेचे तत्त्व प्रामाणिकपणे लावावयाचे तर जागा वुल्व्हरहॅम्प्टनला मिळावयास हवी होती, कारण तो १८८८ च्या संस्थापक क्लबांपैकी एक. बर्मिंगहॅम व नॉटिंगहॅम फॉरेस्ट हेही १८९२ मध्येच दाखल झाले होते. म्हणजे उघडपणे सांगितलेले कारण निर्णयाचा उलगडा करीत नाही. गुणानुक्रमही तो करीत नाही. तसे असते तर बार्न्सलीची निवड झाली असती, आणि तक्त्यात अठराव्या स्थानावर असलेल्या फॉरेस्टला बर्मिंगहॅमहून अधिक मते पडली नसती.

मग लाचेचे काय? तिचा लेखी पुरावा आजवर पुढे आलेला नाही. नॉरिसने पडद्याआड खटपट केली, ही हकीकत मुख्यत्वे उत्तरकालीन कथनांतून आलेली आहे. क्लबचा माजी खेळाडू व पत्रकार बर्नार्ड जॉय याने १९५२ मध्ये लिहिलेल्या क्लबच्या इतिहासात ती आढळते. पण जॉय १९३५ मध्ये क्लबात आला, म्हणजे १९१९ च्या घटनेचा तो साक्षीदार नव्हे. शिवाय १९२७ मध्ये आर्थिक गैरव्यवहारांवरून फुटबॉल संघटनेने नॉरिसवर बंदी घातली. या उत्तरायुष्यातील बदनामीच्या प्रकाशात पूर्वीच्या प्रत्येक कृतीकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक होते. पण उत्तरकाळातील दोष हा पूर्वकाळातील कृत्याचा पुरावा होऊ शकत नाही.

मतसंख्येचा विचार केला असता एक वेगळी दिशा दिसते. एकूण ४१ मतांपैकी आर्सेनलला निम्म्याहून कमी मते आहेत. उरलेली २३ मते सहा क्लबांत विभागली गेली. द्वितीय विभागातीलच क्लब परस्परांविरुद्ध उभे राहिले आणि टॉटनहॅमचा पक्षही बळकट झाला नाही. १९१९ चा नॉरिस हा सर पदवीधारी व पार्लमेंटचा सभासद होता, आणि त्याच्या क्लबजवळ राजधानीतील नवे मैदान होते. विरोध विखुरलेला असताना अशा माणसाने उघड मनधरणीने १८ मते जमविणे अशक्य नव्हते. हे अनुमान आहे. परंतु ज्ञात आकड्यांशी ते जुळते, आणि त्यासाठी अदृश्य पैशाची आवश्यकता भासत नाही.

या निर्णयाचे परिणाम मात्र अनुमानाचा विषय नाहीत. टॉटनहॅमने १९१९-२० मध्ये ७० गुण मिळवून द्वितीय विभाग जिंकला व एका वर्षात अन्याय धुऊन काढला. वुल्व्हरहॅम्प्टन १९२३ मध्ये तृतीय विभागापर्यंत घसरला व १९३२ मध्ये प्रथम विभागात परतला. बार्न्सलीला सर्वोच्च विभागात पोहोचण्यास १९९७ साल उजाडले, आणि तेथे तो एकच हंगाम टिकला. आर्सेनलने १९३१ ते १९३८ या काळात पाच वेळा अजिंक्यपद मिळविले.

लाचेच्या कथेला बळ मिळाले ते आर्सेनलच्या या यशामुळे व टॉटनहॅमशी असलेल्या वैरामुळे. त्या कथेत दोन लंडनकर क्लबांचा कलह उरतो आणि तिसरा पक्ष गळून पडतो. तक्ता पुन्हा वाचला असता, नियमाने नव्हे पण गुणांनी ज्याचा दावा सर्वांत सरस होता तो क्लब टॉटनहॅम नव्हे, तर ४७ गुण मिळविणारा यॉर्कशरमधील कोळसाखाणींच्या गावचा बार्न्सली होय. त्याच्या पदरात पाच मते पडली. १९१९ च्या ठरावाचा इतिहास यापुढे लिहिला जाईल तेव्हा त्याचा आरंभ या पाच मतांपासून व्हावा, असे सुचवावेसे वाटते.