तगरहून निघालेली गाडी

तुम्ही इसवी सनाच्या पहिल्या शतकात, तेरणेच्या काठी उभे आहात. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या या तेर गावाला परदेशी व्यापारी तगर म्हणतात. सातवाहनांचं राज्य आहे. गाडीवान कण्याला वंगण घालतोय. गाडीत तळाला जाडंभरडं कापड, वर मलमलीचे गठ्ठे. एक घडी उलगडून तळहातावर धरा, खालच्या रेषा दिसतील.

गाडीबरोबर निघा. गोदावरी उतरून पैठण गाठायला दहा दिवस. तिथं अकीकाच्या गाड्या सामील होतात. पुढं भडोचपर्यंत आणखी वीस दिवस, आणि बऱ्याच मुलखात धड रस्ता नाही. 'पेरिप्लस' लिहिणाऱ्या ग्रीक दर्यावर्दीनं हे सगळं नोंदवलंय. त्यानं तगरचं नाव लिहिलं, म्हणून 1901 साली अभ्यासक फ्लीट यांना ते तेरशी जुळवता आलं. त्या अनामिक माणसाचे आपल्यावर फार उपकार आहेत.

भडोचच्या धक्क्यावर इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळी उतरताहेत. नर्मदेची भरती भयंकर. परकी गलबतं आत आणायला स्थानिक नावाडी पुढं जातात. हिवाळ्याचे वारे सुटले की तुमचे गठ्ठे तांबड्या समुद्राकडे निघतात. मग उंटांवरून वाळवंट, नाईल नदी, अलेक्झांड्रिया, आणि शेवटी नेपल्सच्या आखातातलं पुतेओली बंदर.

याच आखातावर श्रीमंत रोमनांचे हवापालटाचे वाडे आहेत. काठावरच्या पॉम्पेईत एका घरात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती ठेवलेली आहे. वीतभर उंचीची, हातापायांत बांगड्या-वाळे, कमरेला मेखला. निरखून बघा, घडण आपल्याकडची आहे. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत ती गाडली जाईल आणि 1938 साली सापडेल.

ती नेमकी कुणी कोरली, यावर अभ्यासक वाद घालतात. पण तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती तेरलाच मिळालीय, भोकरदनलाही तशीच एक. मला तेवढं पुरेसं वाटतं: समुद्र कधी न पाहिलेल्या कारागिरांचा माल तिकडच्या घरांत मानानं मांडला जात होता.

तेरला संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला हजारो लोक येतात. तुम्ही गेलात तर तसेच परत फिरू नका. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जा आणि सातवाहनांच्या काळातल्या वस्तूंपुढे जरा वेळ थांबा.